दीडशे-सहाशे आले का?

आमच्या फोटोग्राफी कट्ट्यावर माणसाला आडनाव नसतं, लेन्स असते. रविवारी सकाळी यजमानांच्या घरातून पहिला प्रश्न ऐकू येतो तो, “दीडशे-सहाशे आले का?” आतून उत्तर येतं, “निघालेत. मॅक्रो मॅडमना घेऊन येतायत.” शेजारच्या फ्लॅटमधल्या आजोबांना बरेच दिवस वाटत होतं की इथं पत्त्यांचा काहीतरी प्रकार चालतो.

दीडशे-सहाशे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांच्याकडं दीडशे ते सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स आहे. वजन सुमारे दोन किलो. घरी पाच किलो तांदूळ आणायचे म्हटलं की त्यांची पाठ धरते. पण ही लेन्स गळ्यात अडकवून ते सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तकाच्या मागं दिवसभर हिंडतात. ही माहिती आम्हाला त्यांच्या बायकोकडून मिळालेली आहे आणि ती दर वेळी नव्यानं मिळते.

मॅक्रो मॅडमनी शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं. आता त्या बागेत गुडघ्यांवर बसून कोळी, चतुर आणि नाकतोडे टिपतात. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि ते आठही स्वच्छ आले नाहीत तर मॅडमना झोप लागत नाही. फिफ्टी हा आयटीतला मुलगा. त्याच्याकडं पन्नास मिलिमीटरची एकच लेन्स आहे. तिला झूम नाही, त्यामुळं मंडईत भाजीवाल्या मावशींचा फोटो हवा असेल तर थेट पाटीपाशी जाऊन उभं राहावं लागतं आणि उभं राहिल्यावर काहीतरी घ्यावंच लागतं. त्याच्या प्रत्येक चांगल्या फोटोमागं अर्धा किलो वांगी आहेत. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीयर काका हे ट्रायपॉड. ते तिपाईशिवाय गणपतीच्या आरतीचाही फोटो काढत नाहीत. आणि मी अठरा-पंचावन्न. म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यातच फुकट मिळते ती लेन्स. नव्या माणसाला माझी ओळख करून दिली की त्याला वाटतं, कुठल्या तरी नोकरभरतीची वयोमर्यादा सांगतायत.

ही मंडळी एकत्र का येतात, याचं कारण घरोघरी सापडेल. घरच्यांच्या लेखी फोटो दोनच प्रकारचे असतात: आपण असलेले आणि आपण जाड दिसत असलेले. दवबिंदू, पडका वाडा, गव्हाच्या लोंबीवरचा किडा हे त्यांच्या हिशेबी वाया गेलेले फोटो. “यात माणूसच नाही कुणी,” म्हणून बहीण फोन परत देते. ऑफिसात दाखवावं तर लोक विचारतात, “कॅमेरा केवढ्याला पडला?” आणि आकडा ऐकला की फोटोकडं बघायचं सोडून आपल्याकडं बघत राहतात. मग उरतात ती आपल्यासारखीच बिघडलेली माणसं. ती रविवारी खारीचा पुडा आणि हार्ड डिस्क घेऊन कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात, टीव्हीला केबल जोडतात, पडदे ओढतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत एकमेकांच्या फोटोंतल्या खोडी काढतात. वातावरण थेट जुन्या काळच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाचं. फोटो समोर आला की सगळे गंभीर होतात, एकजण ‘जरा उजेडात बघू’ म्हणतो, आणि काय वाटलं ते खारी संपल्याशिवाय कुणी बोलत नाही.

फोटो मात्र लगेच समोर येत नाही. आधी तो कसा काढला याची कथा असते. दीडशे-सहाशे तर हरदासी पद्धतीनं पूर्वरंगापासून सुरुवात करतात. पहाटे साडेतीनचा गजर, खेड-शिवापूरच्या पुढं पंक्चर झालेलं चाक, मोजे भेदून आत शिरलेली जळू, एका झुडपाआड काढलेले तीन तास, आणि मग ‘एक सेकंद, फक्त एक सेकंद तो समोर आला!’ श्रोते सावरून बसतात. टीव्हीवर हिरव्या पानांचा एक ढीग उमटतो.

“कुठाय?”

“तो काय. फांदीच्या मागं.”

“ही शेपूट का?”

“ते वाळकं पान आहे. शेपूट त्याच्याखाली.”

“आणि बाकीचा पक्षी?”

“तो पलीकडं. हा रेकॉर्ड शॉट आहे.”

इथं चर्चा संपते. एखादा दुर्मीळ पक्षी अमुक ठिकाणी दिसला याचा पुरावा म्हणून काढलेला फोटो म्हणजे रेकॉर्ड शॉट. तो सुंदर असण्याची गरज नसते. पक्षी ओळखता आला म्हणजे झालं. पक्षी अभ्यासकांना अशा फोटोंचा खरोखर उपयोग होतो. पण आमच्यात जो फोटो बिघडेल तो रेकॉर्ड शॉट, असा शिरस्ता पडला आहे. परवा ट्रायपॉड काकांनी एका देवळातल्या नंदीचा हललेला फोटो दाखवला आणि कुणी काही बोलायच्या आत ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणून मोकळे झाले. नंदी देवळासमोरच असतो, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झालं आहे.

पण एखादा फोटो खरंच जमलेला असतो, आणि तेव्हा कट्टा बघण्यासारखा होतो. मागं एकदा दीडशे-सहाशे यांनी पाषाण तलावावरचा खंड्या आणला. बांबूच्या टोकावर बसलेला, निळा रंग लखलखीत, छाती पांढरीशुभ्र, चोचीत खेकडा. बाहेरच्या कुणीही नमस्कार करून जागेवर बसावं असा फोटो.

“डोळा मोठा करा,” मॅक्रो मॅडम म्हणाल्या. डोळा मोठा केला. टीव्हीभर खंड्याचा डोळा. त्यात उजेडाचा ठिपका होता. माना हलल्या. डोळ्यात ठिपका नसेल तर पक्षी पेंढा भरलेला वाटतो, हे आमच्यात लहान मुलंही सांगतील.

“आयएसओ किती?”

“बत्तीसशे.”

“दिसतंय.”

“खेकड्याचा पाय कापलाय तुम्ही.”

“मी नाही कापला. फ्रेममध्ये अख्खा खेकडा आहे. पाय खंड्यानं तोडलाय.”

“ते तुम्हाला माहीत. बघणाऱ्याला वाटणार, तुम्हीच कापला.”

“आणि तो डावीकडं बघतोय, डावीकडं जागाच नाही. त्याच्या नजरेपुढं जागा नको का सोडायला? आता भिंतीला धडकेल तो.”

“मागं ती पांढरी रेघ कसली?”

“बगळा.”

“काढून टाका.”

“बगळ्याला?”

“फोटोतल्या.”

एवढ्यात ट्रायपॉड काकांनी चष्मा कपाळावर चढवला. ते बांधकाम खात्यात असताना त्यांच्या देखरेखीखालची एकही भिंत ओळंब्याबाहेर गेली नव्हती म्हणतात. ती सारी शिस्त त्यांनी आता आमच्या फोटोंवर आणली आहे.

“बाकी ठीक आहे,” ते म्हणाले, “पण क्षितिज वाकडं आहे.”

“काका, यात क्षितिज नाहीये. मागं नुसतं पाणी आहे.”

“मग पाणी वाकडं आहे.”

यावर वाद रंगला. पाणी वाकडं असू शकतं का, बांबू सरळ धरून फोटो फिरवला तर खंड्या तिरका होईल का, आणि खंड्या मुळातच तिरका बसला असेल तर जबाबदारी कुणाची, असे मुद्दे निघाले. तेवढ्यात यजमानीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. टीव्हीकडं बघून म्हणाल्या, “अगं बाई, बिचारा खेकडा!” दिवाणखाना चिडीचूप. इतका वेळ आम्ही त्याचे पाय मोजत होतो. तो मरतोय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आमचा दुसरा मोठा आधार म्हणजे नियम. सगळ्यांत जुना नियम तृतीयांशाचा. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडा आणि मुख्य वस्तू बरोबर मध्ये न ठेवता त्या रेघांवर ठेवा. हा नियम कॅमेऱ्यापेक्षाही म्हातारा आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली आपल्या पुस्तकात तो मांडला, तेव्हा जगात एकही छायाचित्र नव्हतं. म्हणजे फोटो निघायच्या आधीच त्यात काय चुकणार आहे ते ठरलेलं होतं. जगातलं जे सर्वांत जुनं छायाचित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सनं १८२६-२७च्या सुमारास आपल्या खिडकीतून काढलं. त्याला निदान आठ तास उजेड द्यावा लागला असं मानतात. तेवढ्या वेळात सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला गेला आणि समोरच्या इमारतींवर दोन्ही बाजूंनी ऊन पडलेलं दिसतं. निएप्स आमच्या कट्ट्यावर आला असता तर त्याला पहिला प्रश्न विचारला गेला असता, “ऊन दोन्हीकडून कसं? फ्लॅश मारलात का?” आणि पाठोपाठ, “सकाळीच काढायचा होता. दुपारचा उजेड कडक असतो.”

फिफ्टीला नियम मान्य नाहीत. त्याचं दैवत हेन्री कार्तिए ब्रेसाँ, जो बहुतेक फोटो पन्नास मिलिमीटरच्या लेन्सनं काढायचा. ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचं त्याच्या १९५२च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव फिफ्टी इतक्या वेळा घेतो की ट्रायपॉड काकांनाही ते पाठ झालंय. फिफ्टीचे फोटो कृष्णधवल असतात आणि त्यांतला निर्णायक क्षण नुकताच होऊन गेलेला असतो. लक्ष्मी रोडवर उडी मारणारा मुलगा पायांपुरता उरलेला असतो, बस गेलेली असते, मागं फक्त धूर. “धुरातच गोष्ट आहे,” फिफ्टी सांगतो. “नियम मोडायचे असतात, काका.” काका शांतपणे खारी चहात बुडवतात. “आधी पाळून दाखव. मग मोड.”

असले वाद आपल्याकडं आजकालचे आहेत असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत आपली सोसायटी उभी राहिली. रेल्वे नुकती ठाण्यापर्यंत पोचली होती आणि मुंबईकर फोटोंवर चर्चा करायला जमू लागले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांचं नाव या सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत आहे. १८५६पासून तर हौशी फोटोग्राफरांच्या नावानं ‘इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ निघायला लागला, त्यात खरे फोटो चिकटवलेले असत.

त्या लोकांचे हाल आमच्याहून वेगळे होते. तेव्हा फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ साली काढलेली कोलोडियनची पद्धत आली होती. काचेला रसायन लावायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओलं आहे तोवरच धुवायचा. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे जिथं फोटो, तिथं अंधारखोलीचा तंबू हवा, बाटल्या हव्यात, त्या उचलणारी माणसं हवीत. मुंबईच्या उकाड्यात रसायन लवकर वाळायचं. त्यामुळं तेव्हाच्या बैठकीत एखादा फोटो फसला तर काय सांगितलं जात असेल, याची मला कल्पना करता येते: “काच वाळली हो!” आता काच नाही, तंबू नाही, एका सेकंदात वीस फोटो निघतात, पण वाक्य कुठं गेलंय? ते आता एवढंच म्हणतं, “फोकस मागच्या फांदीवर गेला हो!”

कारणांच्या बाबतीत आमचा कट्टा समृद्ध आहे. फोटो फिका दिसला तर ‘ढग आले होते’. भडक दिसला तर ‘माझ्या मॉनिटरवर असा नव्हता’. या दुसऱ्या कारणात बऱ्याचदा तथ्य असतं. यजमानांचा टीव्ही क्रिकेटच्या सामन्यांसाठी सर्वांत झगझगीत रंगांवर लावून ठेवलेला असतो. त्यावर भिगवणचे रोहित पक्षी आले की खोलीतल्या पडद्यांवर गुलाबी उजेड पडतो. मॅक्रो मॅडम दर वेळी सांगतात की रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांतल्या कॅरोटिनॉइडमुळं. मग त्या दीडशे-सहाशे यांच्याकडं वळून विचारतात, “या थव्याला तुम्ही काय खायला घातलंत?” दीडशे-सहाशे हळूच लॅपटॉपवर रंग कमी करतात. थवा फिका पडतो. आता तो उपाशी दिसतो.

आषाढी एकादशी जवळ आली की विषय एकच. वारी. ज्ञानोबारायांची पालखी दिवे घाट चढायला लागली की घाटाच्या प्रत्येक वळणावर, कड्यावर, झाडावर कॅमेरे बसलेले असतात. वरून काढलेला फोटो सगळ्यांकडं असतो: नागमोडी रस्ता, त्यात भगव्या पताकांचा ओघ, डावीकडं हिरवा डोंगर, वर ढग. आम्ही सगळे एकाच कड्यावर एकमेकांच्या कोपरांत कोपर घालून उभे राहतो आणि रविवारी तो एकच फोटो प्रत्येकाच्या हार्ड डिस्कमधून निघतो. मग तुलना सुरू होते. “तुमच्यात रथ जरा पुढं गेलाय.” “माझ्या पुढं एक छत्री होती.” “ती माझीच.” या गर्दीतही फिफ्टी वेगळा निघतो. तो खाली रस्त्यावर उतरतो, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजींना गाठतो, “माउली, जरा थांबा, इकडं बघा, हसू नका,” असं सांगतो, मग उन्हाकडं तोंड करायला लावतो आणि त्या फोटोला ‘सहज टिपलेला’ म्हणतो. एकदा एका माउलींनी फोटो झाल्यावर त्याला विचारलं होतं, “झालं का बाळा? आता जाऊ पंढरपूरला?” हा प्रसंग त्यानं स्वतःच सांगितला, म्हणून त्याचे आम्ही सगळे अपराध पोटात घालतो.

जेजुरीची गोष्ट थोडी वेगळी. सोमवती अमावास्येला भंडारा उधळला जातो, तेव्हा गड पिवळा, आकाश पिवळं आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात पिवळा. त्यावर अनुभवी लोक हॉटेलातल्या आंघोळीच्या प्लास्टिकच्या टोप्या कॅमेऱ्याला चढवतात. कट्ट्यावर त्या टोप्यांची देवाणघेवाण चालते. फोटोंपेक्षा तीच अधिक उपयोगाची देवाणघेवाण आहे.

एका बाबतीत मात्र सगळ्यांची तोंडं शिवलेली असतात. जागा. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात तिबोटी खंड्या येतो. तळहातावर मावेल एवढा पक्षी. निळा, जांभळा, केशरी, पिवळा, जणू एखाद्या मुलानं रंगपेटी संपवायचीच म्हणून रंगवलेला. मातीच्या दरडीत तो बीळ करून अंडी घालतो. त्याचा फोटो टीव्हीवर आला की पहिला प्रश्न ठरलेला, “कुठं मिळाला?” उत्तरही ठरलेलं, “तिकडंच. घाट उतरलं की.” कोकणात उतरणारे सगळेच रस्ते घाट उतरतात. “कुठला घाट?” “तो नाही का, आपला.” घरट्यापाशी गर्दी झाली की पक्षी पिल्लांना खायला घालायला येत नाहीत, कधी घरटं सोडूनही जातात, त्यामुळं जागा न सांगणं योग्यच आहे. पण दीडशे-सहाशे यांनी बायकोलाही ‘महाडच्या कामाला जातोय’ असं सांगावं, हे पक्षिप्रेमाच्या पुढचं काहीतरी आहे. वहिनींना अजूनही वाटतं, महाडला कुठला तरी प्लॉट घेतलाय.

कट्ट्यावर एवढी मतं झडतात. पण माझ्या ऐकण्यात आलेली सर्वांत मोलाची टीका एका नावाड्यानं केलेली आहे. पुण्याहून शंभरएक किलोमीटरवर भिगवण. उजनी धरणाचं पाणी तिथवर मागं पसरतं आणि हिवाळ्यात कुंभारगावच्या बाजूला रोहित, चित्रबलाक, सुरय असे पक्षी उतरतात. तिथले मासेमारी करणारे लोक आता आपल्या होड्यांतून फोटोग्राफरांना फिरवतात. आमचा नावाडी पस्तिशीचा, शांत. त्याच्या होडीत वर्षानुवर्षं इतके कॅमेरेवाले बसून गेलेत की फोटो काढायचं सोडून त्याला सगळं येतं. इंजिन लांबच बंद करून तो बांबूनं होडी पुढं रेटत होता. ट्रायपॉड काका होडीत तिपाई उभी करत होते. होडी हलत होती, त्यामुळं तिपाईही हलत होती, त्यामुळं काका होडीला रागवत होते.

“साहेब, ते राहू द्या खाली,” नावाडी म्हणाला. “ऊन पाठीवर घ्या. आणि शटर वाढवून ठेवा.”

“का?”

“माना वर झाल्या बघा त्यांच्या. उडणार आता.”

आम्ही आयएसओ किती ठेवावा यावर एकमत करत होतो. तेवढ्यात थवा पाण्यावर चार पावलं धावला आणि उडाला. पंखांखालचा लाल-काळा रंग डोक्यावरून गेला. शांतता पसरल्यावर दीडशे-सहाशे यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितले आणि मोठ्या अभिमानानं नावाड्यापुढं धरले. त्यानं बांबू ठेवला, हात पुसले, पडदा नीट जवळ घेतला, सावकाश दोन-तीन फोटो पुढं-मागं केले. मग म्हणाला, “पाय कापलेत सगळ्यांचे. रोहिताचे पायच तर बघायचे असत्यात.”

दीडशे-सहाशे यांचं तोंड उतरलं, पण परतीच्या वाटेवर, हॉटेलात तळलेली चिलापी समोर आल्यावर, ते म्हणाले, “माणसानं नीट बघितलं राव.” चिलापी गार होईस्तोवर ते तेच बोलत होते. पुढच्या हिवाळ्यात ते त्याच नावाड्याकडं गेले आणि पाय घेऊन आले.

कट्ट्यावर खोडी काढणाऱ्यांना कुणी भीत नाही. भीती वाटते ती आमच्यातल्या एका सज्जनाची. ते सगळ्या फोटोंना ‘छान’ म्हणतात. खंड्याला छान, कोळ्याला छान, फिफ्टीच्या धुराला छान. एकदा लॅपटॉपवर चुकून कुणाच्या तरी वीजबिलाचा फोटो पुढं आला, त्यालाही ते ‘छान’ म्हणाले. त्यांचा हेतू निर्मळ आहे. पण त्यांची दाद घ्यायला कुणी धजत नाही. ‘छान’ म्हणायला फोटो बघावा लागत नाही. खोड काढायला बघावाच लागतो, तोही कोपऱ्यापर्यंत.

हे आम्हाला उमगलं ते एका नव्या मुलामुळं. तो नुकताच येऊ लागला होता. कॅमेरा नव्हता, फोन होता. एका क्लिकमध्ये फोन अनेक फोटो घेऊन त्यांतून एक बनवतो, तसला. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं मुठा नदीवरच्या एका पुलाचा संध्याकाळचा फोटो दाखवला. सगळे म्हणाले, “वा, छान.” आणि पुढचा फोटो लावायला सांगितला. नवा आहे, दुखवायला नको, असा सगळ्यांचा हिशेब. मुलगा हसला, पण खारीला हात लावला नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यानं डेक्कनच्या एका चहाच्या टपरीचा फोटो आणला. वाफ, पिवळा दिवा, मागं पावसातला रस्ता. खोली ‘छान’ म्हणण्याच्या बेतात असताना ट्रायपॉड काकांनी चष्मा वर केला.

“क्षितिज वाकडं आहे.”

“टपरीच वाकडी आहे काका,” मुलगा म्हणाला. “एका बाजूला विटा लावल्यात.”

“विटा दिसत नाहीत. दिसल्या असत्या तर मी बोललो नसतो.”

मग मॅक्रो मॅडमना ग्लासवर बसलेली माशी दिसली आणि तिच्या डोळ्यांत फोकस नसल्याची हळहळ झाली. फिफ्टीला चहावाल्याचा हात एक क्षण उशिरा टिपल्यासारखा वाटला, आणि हे फिफ्टीनं म्हणावं याचं सगळ्यांना नवल वाटलं. दीडशे-सहाशे यांनी उजवीकडची सायकल कापायला सांगितली, मग ठेवायला सांगितली, मग अर्धी ठेवायला सांगितली. मुलगा प्रत्येकाशी भांडला. जाताना त्यानं खारीच्या पुड्याचा चुरासुद्धा ठेवला नाही. आता तो दर रविवारी वेळेआधी येतो आणि दारातच विचारतो, “दीडशे-सहाशे आले का?” त्याला अजून लेन्स नाही, पण नाव मिळालं आहे. आम्ही त्याला ‘टपरी’ म्हणतो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. दिवसभरात आपल्या डोळ्यांसमोरून शेकडो फोटो जातात आणि आपण त्यांना अंगठ्यानं वाट करून देतो. पण कुणी आपल्या शेजारी बसून, फोन हातात देऊन, ‘हा बघ, मी काढलाय’ म्हणालं, तर तेवढा एक फोटो थांबवा. कोपऱ्यात काय आहे ते बघा. विचारा, हा माणूस कोण, ही रेघ कसली, हा पाय कुणी कापला. दाद द्यायची घाई करू नका. आणि काहीच सुचलं नाही, तर आयएसओ किती होता ते विचारा. उत्तर कळलं नाही तरी गंभीरपणे मान हलवा. आमच्यातल्याही बऱ्याच जणांचं त्यावरच चालतं.